माहेरी न्यावयाचा आकडा

पहिलटकरणीस सातव्या महिन्यात माहेरी पाठविण्याचा आपल्याकडील शिरस्ता आजही पुष्कळ घरांतून पाळला जातो, आणि त्या प्रस्थानाची तयारी घरातील वडीलधाऱ्या बायका ज्या बारकाईने करतात ती पाहण्यासारखी असते. डोहाळजेवणाची साडी, ओटीचा नारळ, लाडवांसाठी आधीच आणून ठेवलेला डिंक व अळीव, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, वाटेत मळमळले तर जवळ असावी म्हणून आवळासुपारी, यांतला एकही जिन्नस कोणी विसरत नाही. विसरले जाते ते सासरच्या गावी आरोग्य उपकेंद्रात भरलेले माता-बाल संरक्षण कार्ड, ज्याच्या एका रकान्यात तिच्या रक्तदाबाचे तीन-चार आकडे नर्सबाईंनी लिहून ठेवलेले असतात. ते कपाटात रेशनकार्डाच्या घडीत राहून जाते. माहेरच्या गावी नवा दवाखाना आणि नवे कार्ड सुरू होते. आणि रक्तदाब चढू लागण्याचा संभव ज्या काळात अधिक, नेमक्या त्याच काळात पाठीमागचा सारा जमाखर्च कोरा होऊन बसतो. प्रस्तुत लेख मुख्यतः या कार्डाविषयी आहे असे म्हटले तरी चालेल. रक्तदाब कसा मोजावा हे त्यात येईलच, कारण वाटेल तसा मोजलेला आकडा जपून नेण्यात काही हशील नाही.

मागील आकड्याची एवढी मातबरी का, हे समजण्यासाठी गर्भवतीच्या शरीरात काय घडते ते थोडक्यात पाहिले पाहिजे. गर्भ राहिल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच रक्तवाहिन्या सैलावतात, त्यामुळे रक्तदाब उतरू लागतो, साधारणपणे विसाव्या ते चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास तळ गाठतो, आणि तेथून हळूहळू चढत प्रसूतीच्या वेळेपर्यंत पुन्हा पूर्वपदावर येतो. आता अशी कल्पना करावी, की चौथ्या महिन्यात जिचा रक्तदाब ९६/६० होता ती सून माहेरी येऊन नव्या दवाखान्यात गेली आणि तेथे तो १३४/८६ भरला. १४०/९० ही मानलेली वेस तिने ओलांडलेली नाही, तेव्हा मागचे काही ठाऊक नसलेले डॉक्टर तिला महिन्याने या म्हणून सांगतील, आणि त्यांची त्यात कसूर नाही. परंतु ते ९६/६० त्यांच्या समोर असते, तर वरचा आकडा ३८ नी आणि खालचा २६ नी चढला आहे हे त्यांच्या ध्यानात आले असते. वरचा ३० नी किंवा खालचा १५ नी चढला एवढ्यावरून पूर्वी गर्भारपणातील रक्तदाबाच्या विकाराचे निदान करीत असत. आज निदानास तेवढे पुरेसे मानीत नाहीत, तथापि अशा स्त्रीस महिनाभर दृष्टीआड होऊ देऊ नये, आठवड्याभरात पुन्हा बोलवावे, हे शहाणपण कायम आहे.

दुसरी एखादी सातव्या महिन्यात १४४/९२ घेऊन येते. दुसऱ्या महिन्यातही तिचा दाब असाच असेल तर तो गर्भापूर्वीचा जुना विकार समजावा लागतो. तेव्हा जर ११०/७० असेल तर तो गर्भारपणातच उद्भवलेला. या दोहोंचे औषधपाणी आणि प्रसूतीची तजवीज सारखी नसते. दोहोंमधील सीमारेषा विसाव्या आठवड्यापाशी आखलेली आहे, म्हणून त्यापूर्वीचा निदान एक विश्वासार्ह आकडा कागदावर असणे ही मोठी दौलत होय. दिवस गेल्याची शंका येताच, पहिल्या तीन महिन्यांच्या आत, नाव नोंदवावे असा जो आग्रह आशाताई धरतात त्याच्या मुळाशी हेही एक कारण आहे.

हे मोजमाप फार जुने नाही. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात पदवी मिळविली आणि प्रबंधासाठी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच विषय घेतला, तेव्हा दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची सोय अस्तित्वातच आलेली नव्हती. तो हवा भरावयाचा पट्टा इटलीतील रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये तयार केला. त्याने बोटाखालची नाडी बंद पडते तो वरचा दाब तेवढा कळे. खालचा दाब कळू लागला तो १९०५ साली कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन शल्यवैद्याने पट्ट्याखालच्या रोहिणीवर नळी ठेवून आवाज ऐकावयाची युक्ती सुचविली तेव्हापासून. आज यंत्रे पुष्कळ बदलली. पाऱ्याच्या विषारीपणामुळे पाऱ्याची नळी दवाखान्यांतून हळूहळू निघत चालली आहे, तिच्या जागी काट्याची आणि विजेरीची यंत्रे आली आहेत. दंड मात्र पूर्वीचाच आहे, आणि चुका होतात त्या बहुधा दंडापाशीच.

माझ्या डॉक्टरकीची बरीच वर्षे सरकारी दवाखान्यांत गेली. एका तालुक्याच्या गावी गरोदर बायकांच्या तपासणीच्या दिवशी पाहिलेला एक प्रसंग येथे सविस्तर सांगतो, कारण करू नये असे जवळजवळ सर्व काही त्यात एकाच ठिकाणी आढळते. एसटी उशिरा आल्यामुळे स्टँडपासून भर उन्हात पायी आलेली आठ महिन्यांची गर्भवती, नाव पुकारले जाताच लगबगीने आत शिरली आणि बिनपाठीच्या उंच स्टुलावर बसली; तिचे पाय जमिनीस टेकत नव्हते. पोलक्याची तंग बाही सिस्टरांनी वर सारली, तेव्हा ती दंडावर दोरीसारखी आवळून बसली आणि तिच्या खालीच पट्टा गुंडाळला गेला. हात तिने मांडीवरील पिशवीवर ठेवला होता. पट्टा फुगत असतानाच सिस्टरांनी विचारले, "ताई, शेवटची पाळी कधी आली होती?" सून बोटे मोजू लागली, तोच मागून सासूबाई म्हणाल्या, "शिमग्याच्या आधी दोन दिस. लिवा तुम्ही." त्यावर सुनेने मान वळवून, नाही आत्याबाई, शिमगा झाल्यावर, अशी दुरुस्ती केली, आणि या वादातच यंत्राने १४६/९४ असा कौल दिला. तांबड्या शाईने तो लिहिला जाण्यापूर्वी मी तिला लघवीस जाऊन येण्यास सांगितले, भिंतीलगत खुर्ची मांडून पाठ टेकून बसविले, पायांखाली पाट दिला, आणि दहा मिनिटांनी मोकळ्या दंडावर, कोणीही न बोलता, पुन्हा मोजले. १२२/७८ भरला.

त्या दहा मिनिटांत औषधाचा थेंबही दिलेला नव्हता. भरलेला मूत्राशय वरच्या दाबात दहा-पंधराची भर घालू शकतो, बोलणे जवळजवळ तितकीच घालते, पाठीस आधार नसणे आणि पायावर पाय टाकून बसणे थोडीथोडी घालतात. आणि हात हृदयाच्या पातळीखाली जितका उतरेल तितका आकडा फुगतो, दर सेंटिमीटरला पाऱ्याचा सुमारे पाऊण मिलिमीटर या हिशेबाने. म्हणून दंडाचा मध्य स्तनाग्राच्या उंचीवर येईल अशा बेताने हाताखाली उशी किंवा टेबल असावे, तळवा वर, आणि हात तोलून धरण्याचे श्रम त्या स्त्रीकडे नसावेत. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-कॉफी नको. ग्रामीण भागात सकाळी दातांना मिश्री लावण्याची सवय अनेक स्त्रियांना असते. तीही तंबाखूच असल्यामुळे दाब तात्पुरता चढविते, आणि बाळासाठी तर ती मुळातच वर्ज्य आहे. हे विचारताना चारचौघींत न विचारता हळू आवाजात विचारावे, म्हणजे खरे उत्तर मिळते.

उलट दिशेची चूक अधिक घातक, कारण तिच्यामुळे कोणी घाबरत नाही. दिवस भरत आलेल्या स्त्रीस उताणी निजवून रक्तदाब घेतला तर जड गर्भाशयाचा भार पोटातील मोठ्या शिरेवर पडतो, हृदयाकडे परतणारे रक्त अडते, दाब कोसळतो आणि कधी कधी तिला घेरीही येते. डाव्या कुशीवर निजवावे हे योग्यच. परंतु मग वर राहिलेल्या उजव्या दंडाला पट्टा बांधला तर तो हृदयापेक्षा उंच असल्यामुळे आकडा दहा किंवा त्याहूनही अधिक कमी दिसतो. खरोखर १५० असलेला दाब १४० च्या आत येऊन बसतो आणि कागदावर सारे आलबेल होते. तेव्हा मोजणे बसवूनच करावे, हा सरधोपट नियम.

पट्ट्याचे माप हा दुसरा दुर्लक्षित विषय. पट्ट्यातील रबरी फुग्याने दंडाचा निदान ऐंशी टक्के घेर वेढला पाहिजे. स्थूल दंडावर आखूड पट्टा ताणून बांधल्यास आकडा खोटा वाढतो, आणि आपल्याकडे अंगाने किरकोळ अशा पुष्कळ मुली असतात, त्यांच्या बावीस सेंटिमीटरांहून बारीक दंडावर नेहमीचा मोठ्या माणसांचा पट्टा सैलसर बसून तो खोटा कमी दाखवितो. शिंप्याची टेप घेऊन दंडाचा मध्यघेर एकदा मोजावा आणि कार्डावर लिहून ठेवावा. बहुतेक पट्ट्यांवर तो कोणत्या घेरासाठी आहे हे छापलेले असते. पहिल्या भेटीत दोन्ही दंडांवर दाब घ्यावा, आणि दोहोंत दहापेक्षा अधिक फरक निघाल्यास पुढे सदैव अधिक आकड्याचा हात वापरावा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटे वर असावी.

स्टेथोस्कोपाने ऐकून मोजणाऱ्या भगिनींसाठी एवढेच लिहितो, की आधी मनगटाची नाडी चाचपून ती कोठे लुप्त होते ते पाहावे, तेथून आणखी तीस मिलिमीटर वर जाऊन मग सेकंदाला दोन मिलिमीटर इतक्या धीमेपणाने हवा सोडावी, आणि आवाज पूर्णपणे थांबतो तो आकडा खालचा दाब म्हणून लिहावा. गर्भवतीच्या बाबतीत आवाज मंदावतो तो आकडा घ्यावा की थांबतो तो, याविषयी तज्ज्ञांत दीर्घकाळ मतभेद होते. आता थांबण्याचाच आकडा मान्य आहे, आणि एखादीचा आवाज शून्यापर्यंत थांबतच नसेल तरच मंदावल्याचा लिहावा. शेवटचे म्हणजे, आकडा जसा दिसेल तसा लिहावा. मी काही रजिस्टरे अशी चाळली आहेत, की पानेच्या पाने ११०/७० आणि १२०/८० यांनी भरलेली, जणू गावातील सगळ्या गर्भवती एकाच साच्यातून निघाल्या आहेत. अशा दप्तराची रुजुवात कोणी करीत नाही हे दुर्दैव. १३८ चे १३० करण्यास एका क्षणाची गफलत पुरते.

घरच्यांनी कोणते आकडे ध्यानात धरावेत? वरचा १४० अथवा खालचा ९०, यांपैकी एकही पोहोचला तरी स्वस्थ बसू नये. निदान चार तासांच्या अंतराने पुन्हा मोजून खातरजमा करावी आणि त्याच दिवशी लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन, आहे काय ते पाहावे. पूर्वी दवाखान्यात लघवी परीक्षानळीत घेऊन दिव्यावर तापवीत आणि ती गढुळते काय ते पाहत. आता रंगीत पट्टी बुडविली की भागते. लघवीत प्रथिन नाही म्हणून निश्चिंत होणेही बरे नव्हे, कारण रक्तातील बिंबाणू (प्लेटलेट), यकृत आणि मूत्रपिंड यांच्यावर परिणाम झालेला असूनही ते कधी कधी सापडत नाही. वरचा १६० किंवा खालचा ११० भरल्यास मात्र उद्या पाहू हा शब्द उच्चारू नये. पंधरा मिनिटांत पुन्हा मोजावे, आणि तसाच असेल तर १०८ किंवा १०२ क्रमांकावर गाडी बोलावून प्रसूतितज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्यावे.

आकड्याबरोबर शरीरही काही सांगत असते. कपाळ ठणकणे आणि साध्या गोळीने न उतरणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे किंवा धूसर दिसणे, उजव्या बरगडीखाली अथवा पोटाच्या वरच्या भागात कळ येणे, अकस्मात तोंड व हात सुजून बांगड्या रुतू लागणे, लघवी कमी होणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही जाणवल्यास दवाखान्याच्या वाराची वाट पाहू नये. पोटातील कळ पुष्कळदा पित्तावर ढकलली जाते आणि ओवा चावून दोन दिवस जातात. केवळ पाय सुजणे मात्र शेवटच्या महिन्यांत बहुतेकींना होते, त्याचा बाऊ नको.

गर्भारपणात उद्भवणाऱ्या रक्तदाबाच्या या विकाराची परिसीमा म्हणजे झटके, ज्यांस आपल्याकडे आकडी म्हणतात. आकडा आणि आकडी यांचे सख्य नुसते अक्षरांचे नाही. बाहेरची बाधा समजून अंगारा लावण्यात, कांदा किंवा वहाण हुंगविण्यात, दातखीळ उघडण्यासाठी तोंडात चमचा खुपसण्यात जो वेळ जातो तो माय आणि लेकरू दोघांच्याही हिशेबातून वजा होतो. तिला डाव्या कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, आणि गाडी बोलवावी. मॅग्नेशियम सल्फेट हे औषध अशा वेळी हाताशी आहे, ते स्वस्तही आहे. त्याची पहिली मात्रा जवळच्या आरोग्य केंद्रात टोचून मग पुढे पाठविता येते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, तेहतीस देशांतील दहा हजारांवर स्त्रियांच्या मॅगपाय नामक चाचणीत, या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहूनही कमी होतो असे सिद्ध झाले. आपल्या धुळ्याच्या प्रसूतितज्ज्ञांनी तर अंगाने बारीक असलेल्या भारतीय स्त्रियांसाठी त्याची कमी मात्रेची पद्धत बसविली, आणि ती धुळे पद्धत या नावानेच ओळखली जाते.

घरी यंत्र घेण्याची ऐपत असेल तर जरूर घ्यावे, पण दंडाचे घ्यावे, मनगटाचे नव्हे, आणि गर्भवतींवर तपासून प्रमाणित झालेले आहे काय हे विचारून घ्यावे. कारण स्वयंचलित यंत्र आवाज न ऐकता रोहिणीच्या स्पंदनांवरून गणित करते, आणि या विशिष्ट विकारात ते गणित खरा दाब कमी दाखविण्याकडे झुकते. विकत आणल्यावर एकदा दवाखान्यात नेऊन तेथील यंत्राशी ताडून पाहावे. सकाळी व संध्याकाळी, एकेका मिनिटाच्या अंतराने दोनदा, तारीख आणि वेळ घालून वहीत लिहावे. घरच्या निवांतपणी आकडा थोडा कमीच येतो, म्हणून घरी १३५/८५ ही वेस मानावी. दिवसातून दहादा मोजून धास्ती घेणारी मंडळीही मी पाहिली आहेत. त्यांना यंत्राचे सेल काढून ठेवण्याचा सल्ला द्यावा लागतो.

औषधांविषयी दोन शब्द. गर्भापूर्वीच रक्तदाबाची गोळी चालू असल्यास तिचे नाव पहिल्याच भेटीत सांगावे, कारण टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनॅलाप्रिल, रॅमिप्रिल यांसारख्या गोळ्या गर्भास अपायकारक आहेत आणि त्यांच्या जागी लॅबेटॅलॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा देता येतात. ज्यांस आधीच्या खेपेस हा त्रास झाला, जुळे आहे, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांना बाराव्या आठवड्यानंतर अ‍ॅस्पिरिनची अल्प मात्रा देतात. ती डॉक्टरांच्या हुकुमाबरहुकूम घ्यावी, शेजारणीची उसनी नव्हे. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या डब्यात साठवून न ठेवता खाव्यात. ज्यांच्या आहारात दूधदुभते बेताचे, त्यांचा त्या गोळ्यांनी या विकारापासूनही बचाव होतो. मीठ अजिबात तोडून, अळणी भाकरी गिळायला लावून हा विकार टळत नाही.

प्रसूती झाली, वार पडली, म्हणजे विकाराचे मूळ गेले हे खरे, पण दाब लगेच खाली बसत नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी तो पुन्हा उसळी घेतो, आणि रुग्णालयातून घरी सोडतात तेही बहुधा याच सुमारास. घरी आल्यावर बाळंतिणीला कानाला फडके बांधून शेगडीपाशी निजविले जाते. तिचे डोके दुखू लागले तर वारे लागले म्हणून आणखी एक शाल पांघरली जाते, आणि झटका आल्यावर मग धावाधाव होते. या दिवसांत डोके दुखले की आधी दंडाला पट्टा, मग शाल. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या अशा ठरलेल्या दिवशी बाळाचे वजन करण्यास घरी येतात, तेव्हा आईच्या दुखण्याखुपण्याविषयीही त्यांना आपण होऊन सांगावे, आणि उपकेंद्रात दाब मोजून घेण्याची तारीख त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावी. सहा आठवड्यांनी एकदा मोजावा, आणि बारा आठवड्यांनीही चढलेलाच असेल तर तो जुना विकार समजून त्याचे कायमचे औषधपाणी सुरू करावे लागते.

बारा आठवडे म्हणजे तिसरा महिना, आणि पुष्कळ घरांत पाळणा, झबली, बाळगुटीचे साहित्य घेऊन लेक सासरी परतते ती याच सुमारास. निघण्यापूर्वी माहेरच्या दवाखान्यात एकदा दाब मोजून घ्यावा, कोणता हात आणि दंडाचा घेर किती हे त्याच ओळीत लिहवून घ्यावे, आणि सासरचे व माहेरचे अशी दोन्ही कार्डे एका पिशवीत घालून ती बाळाच्या लसीच्या कागदांबरोबर तिच्याच हाती द्यावी, सामानाच्या ट्रंकेत नव्हे.